‘होमली’ शब्द आला आणि तबला माळ्यावर चढला त्याची बखर

श्रीशारदा प्रसन्न असो, आणि शब्दकोश साह्य असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी रविवारी, "काकू, होमली म्हणजे नक्की काय हो?" हा सवाल ताईस पाहावयास येणाऱ्या मुलाच्या आईस भर दिवाणखान्यात टाकावा, न टाकशील तर तू भित्री भागूबाई, ऐसी पैज दहावी 'ब'च्या मैत्रिणींनी आमच्या घररूपी राज्याच्या धाकट्या कन्या ओवीबाई यांजशी लाविली. कारण ऐसे की, थोरल्या भगिनी मृण्मयीबाई यांचे लग्नाची मसलत चालली, आणि तीर्थरूपांनी बायोडेटा सिद्ध केला, त्यात हा इंग्रजी शब्द दाखल जाहला आणि तबला हा शब्द गाळिला. थोरल्या बाई लहानपणापासून तबला वाजवीत, ऐसा की खालचे लेलेकाका जिन्यातून "आज झपताल का गं?" म्हणोन पुसत. मग मातोश्रींनी फर्माविले, "पाहुणे यायच्या आत ती जोडी माळ्यावर टाक बाई," आणि थोरल्या बाईंनी स्वहस्ते डग्ग्यास चादर गुंडाळिली, निजले लेकरू गुंडाळावे तैसी, आणि जोडी माळ्यावर चढविली. धाकट्या बाईंस मात्र रडू फुटले, ते त्यांनी सर्दी म्हणोन खपविले.

मग मुलाकडील स्वारी दाखल जाहली, आणि पोहे जाहले, आणि ओवीबाईंनी छातीचा कोट करून सवाल टाकिला. तीर्थरूपांस ठसका लागला. मुलाच्या मातोश्री हसोन वदल्या, "अगं वेडे, होमली म्हणजे घरात आहे की नाही ते कळूसुद्धा नये, अशी मुलगी!" आणि सर्व सभा हसली, आणि थोरल्या बाईही हसल्या. परंतु पदराआड त्यांची बोटे गुडघ्यावर ठेका धरून होती, ती ओवीबाईंनी पाहिली होती, आणि त्या उत्तरासरशी ती बोटे थांबली. थांबली ती थांबलीच. मग तह जाहला, आणि साखरपुडा ठरला, आणि पेढे वाटिले.

पाहुणे गेलियावर मैत्रिणींचा फोन आला, तो पैज जिंकलेल्या बाईंनी उचलिला नाही. येणेप्रमाणे राज्यात एक शब्द आला आणि एक आवाज गेला, सारांश इतकाच. मग ओवीबाई माळ्याखाली स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि आईबाबांस म्हणाल्या, "तबला मी खाली काढतेय. उद्यापासून ताई मला शिकवणार, थेट लग्नाच्या दिवसापर्यंत, आणि दार उघडं ठेवून. आणि माझ्या बायोडेटात आधी तबला लिहायचा, मग उंची."