फुकट शिट्ट्यांचा शनिवार

टालबरी फुटबॉल क्लबाच्या बैठकीत थिया कार्व्हेलासने तिसऱ्यांदा 'मार्केटिंग स्ट्रॅटेजी' म्हटलं, तेव्हा अध्यक्ष मर्व्ह हॅड्रिल यांचा खिमा भरलेल्या 'मीट पाय'चा घास तोंडातच थांबला.

"पोरी, ते काय असेल ते असू दे. त्यानं माणसं येतील का मैदानावर?"

"त्यासाठीच तर असतं ते, मर्व्ह."

"मग आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, मेंढ्यांना नवीन रोग आला."

थिया ही गावातल्या फिश अँड चिप्सवाल्याची मुलगी. मेलबर्नच्या एका बड्या क्लबात टोप्या, मफलर आणि सामन्यांची तिकिटं खपवण्यात नाव काढून ती नुकतीच घरी परतली होती, आणि परतल्या परतल्या मर्व्हनी तिला क्लबाच्या जाहिरातीच्या कामाला जुंपलं होतं. क्लबाची अवस्था कुत्रंही हाल खाणार नाही अशी. संघ हरायचा म्हणून लोक येत नव्हते, आणि लोक येत नाहीत म्हणून संघाला जिंकायचा हुरूप नव्हता. वरून लीगने तंबी दिलेली: यंदा गर्दी वाढली नाही, तर टालबरीचा क्लब शेजारच्या डनारूकमध्ये विलीन.

"विलीन कसलं? तो केल मंडी आपल्याला गिळणार आणि वर ढेकर देणार," मर्व्ह म्हणाले. केल मंडी म्हणजे डनारूकचा अध्यक्ष. त्यानं दोन्ही क्लबांची मिळून नवी पाटी रंगवायलासुद्धा टाकली होती म्हणे, आणि तिच्यात टालबरीचं नाव अगदी खाली, बारीक अक्षरांत.

थियाने कंबर कसली. प्रायोजक हवा म्हणून ती लॉर्ना ट्वेडलकडे गेली. मुख्य रस्त्यावर लॉर्नाचं श्रवणयंत्रांचं दुकान होतं. स्वतः लॉर्नाच्या कानातही एक यंत्र असे. कंटाळा आला की ती ते बिनदिक्कत काढून ठेवायची.

"येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी फुकट ठेवायचं," थिया म्हणाली. "त्यावर तुमच्या दुकानाचं नाव."

"टोप्या वाट."

"टोपी डोक्यावर बसते, लॉर्ना. तुमचा धंदा कानाचा."

लॉर्नाने डोळे मिटले. मग एकदम टेबलावर थाप मारली. "शिट्टी! वर लिहायचं, 'ऐकू आली नाही? मग आमच्याकडे या!'"

थियाने तिला मिठीच मारली. जाहिरात कशी असावी, तर अशी! शिट्टी वाजली की शंभर माणसं वळून बघणार, आणि जो वळणार नाही तो लॉर्नाचं गिऱ्हाईक. मेलबर्नमध्ये पाच माणसांची समिती महिनाभर बसली असती तरी तिला हे सुचलं नसतं. शिट्टीवर पोट असलेला एक माणूस मैदानावर आधीपासूनच असतो, ही गोष्ट मात्र त्या आनंदात दोघींच्याही ध्यानात आली नाही.

शनिवारी सामना नेमका डनारूकशीच होता. 'फुकट' या शब्दाला पाय फुटले आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं लोटली. सीमारेषेभोवती पिकअप गाड्यांचं कडं झालं. टालबरी म्हणजे मेंढपाळांचं गाव, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पिकअपच्या हौद्यात मेंढ्या वळणारी एकदोन केल्पी कुत्री बसलेली. हौद्यात कुत्रं नसेल तर माणूस शहरातला समजतात तिथे. दारावर थिया स्वतः मूठमूठ शिट्ट्या वाटत होती. मर्व्ह गर्दी बघून इतके हेलावले की त्यांनी दुसरा मीट पाय घेतला.

सामना सुरू झाला. टालबरीच्या एका गड्याने ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा तो लंबगोल चेंडू हातात पकडला आणि तो धावणार, इतक्यात शिट्टी वाजली. सगळे जागच्या जागी थांबले.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"मी नाही वाजवली!" पंच नेव्हिल स्प्रॅट ओरडले. "खेळा!"

पुन्हा शिट्टी. पुन्हा पुतळे.

"अहो, हीही माझी नव्हे!"

मग त्यांनी खरोखरच एक फाउल धरून शिट्टी वाजवली. एकही गडी थांबला नाही. "ही माझी होती!" नेव्हिल काकुळतीला येऊन म्हणाले. लोकांना हे भलतंच आवडलं. बाया, बापे, पाद्रीसाहेबसुद्धा गाल फुगवून शिट्ट्या फुंकायला लागले.

इथवर सगळं माणसांतलं होतं. पण मर्व्हची केल्पी कुत्री डचेस हौद्यात उठून उभी राहिली. कान ताठ, पुढचा एक पाय उचललेला. केल्पी कुत्र्याला शिट्टी म्हणजे मालकाचा हुकूम: अशी वाजली तर डावीकडून वळव, तशी वाजली तर उजवीकडून. आणि आज तर सगळा गावच हुकूम सोडत होता. डचेसने समोर पाहिलं. हिरवंगार गवत होतं, आणि त्यावर पांढरीशुभ्र जर्सी घातलेले डनारूकचे गडी सैरावैरा पांगले होते.

इतका गबाळा कळप तिने जन्मात पाहिला नसावा. तिने उडी टाकली.

पाठोपाठ प्रत्येक हौद्यातून कुत्री सुटली. भुंकणं नाही, चावणं नाही. जमिनीला पोट लावून, अर्धवर्तुळ करून, डोळ्यांत डोळे घालून ती डनारूकच्या संघाला एका कोपऱ्याकडे वळवू लागली. एखादा आडदांड गडी फुटून बाहेर पळाला की चार कुत्री त्याला वळसा घालून सन्मानाने परत आणून सोडत.

"थांबवा हे!" म्हणत नेव्हिलनी जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली. कुत्री दुप्पट जोमाने कामाला लागली.

केल मंडीचा पारा चढला. तो तरातरा मैदानात घुसला. थंडी होती म्हणून त्याने मेंढीच्या कातड्याचा जाडजूड कोट घातला होता. डचेसने त्याला एकदा वास घेऊन पाहिलं आणि घटकाभरात केलही कळपात जमा झाला.

"मर्व्ह! तुझं कुत्रं आवर!"

"तू हलू नकोस, केल!" मर्व्ह कुंपणावरून ओरडले. "हललास की तिला वाटतं तू कळपातून फुटतोयस!"

इकडे टालबरीच्या गड्यांसमोर सगळं मैदान मोकळं. ते आधी बावरले, मग त्यांनी एक गोल केला, मग दुसरा, मग तिसरा. गोलपंच मोठे नेमस्त गृहस्थ. नियमात कुत्र्यांबद्दल काही नाही म्हणून ते दर गोलला निमूटपणे झेंडे हलवत राहिले. त्या उत्साहात पिकअपवाल्यांनी भोंगेही वाजवले.

थिया माइककडे धावली. "कृपया शिट्ट्या वाजवू नका!" पण त्या कल्लोळात तिचं तिलाच ऐकू येईना. ती लॉर्नाला गदागदा हलवत किंचाळली, "लोकांना सांगा ना काहीतरी!"

लॉर्नाने कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं होतं. "हो ना!" ती तृप्तपणे म्हणाली. "किती छान शांत दिवस आहे!"

शेवटी थियाने सॉसेज भाजणाऱ्यांच्या शेगडीवरचा आख्खा थाळा उचलला, ऐन मैदानात नेऊन पालथा केला, आणि डनारूकच्या संघाची सुटका झाली. सॉसेजसाठी रांगेत उभ्या असलेल्यांनी तिच्या नावाने जो शंख केला, तो मात्र शिट्ट्यांवरही ऐकू आला. नेव्हिलनी सामना रद्द केला आणि स्वतःची शिट्टी लांब झुडपांत भिरकावून दिली.

त्यानंतरचा रविवार थियाने बापाच्या दुकानात बटाटे सोलण्यात घालवला. क्लब बुडाला, आणि आपण बुडवला! मेलबर्नचं तिकीट काढावं की न काढावं, एवढाच प्रश्न उरला होता. सोमवारी ती राजीनामा द्यायला क्लबात गेली, तर दारात केल मंडी उभा. कोटाविना.

"आत बसू या," तो म्हणाला. त्याने दार लावलं, खिडकीही लावली. थियाने मनाची तयारी केली.

"तो व्हिडिओ बघितलास?"

"कुठला?"

"मी कळपात उभा आहे तो. माझ्या मेहुण्याने पर्थहून फोन केला. माझ्याशी बोलत नव्हता तो कित्येक वर्षं. हसून हसून त्याला ठसका लागला."

"केल, मी मनापासून माफी…"

"माफीचं राहू दे. लीगवाल्यांनी मला विचारलं, असली गर्दी तुमच्याकडे का होत नाही?" केलने आवाज आणखी खाली आणला. "खरं सांगू? आमचंही मैदान ओसच असतं. तुम्हाला विलीन करून घेतलं तर तुमची चार टाळकी तरी येतील, म्हणून मी मागे लागलो होतो. आता पुढच्या महिन्यात सामना आमच्याकडे आहे. तर… ती कुत्री मिळतील का?"

थियाने खुर्ची पुढे ओढली. "तुमच्याकडे कुत्री नाहीत?"

"आमच्याकडे गहू पिकतो. गहू पळत नाही."

मेलबर्नमध्ये शिकलेलं सगळं एका क्षणात तिच्या अंगात संचारलं. राजीनामा पर्समध्येच ठेवून ती खुर्चीत मागे रेलली.

"मिळतील. पण विलीनीकरण?"

"कसलं विलीनीकरण?" केल म्हणाला. "पाटी परत पुसायला दिली मी. आणि हे बघ, यजमान आम्ही. तेव्हा आमचा संघ निळी जर्सी घालेल आणि तुमच्या पोरांना पांढरी. कबूल?"

"कबूल," थिया हात पुढे करत म्हणाली. "रंग तुम्ही ठरवा, शिट्ट्या लॉर्ना देईल. फक्त एक लक्षात ठेवा, केल. आमच्या पोरांना ती कुत्री नावानिशी ओळखतात."