दगडाबाई चाकू आणायला जाते

"इथून पुढं ह्या घरात चाकू मी आणीन," दगडाबाई म्हणाली आणि मोडक्या चाकूची मूठ तिनं नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

धुळाजी भाकरी खात होता. त्यानं मुठीकडं बघितलं, मग कालवणाकडं बघितलं. "मोडला व्हय?" एवढंच तो म्हणाला.

मोडला म्हणजे कसा मोडला होता! आदल्या दिवशी धारूरच्या किल्ल्यामागच्या डोंगरात त्यांची गाभण शेळी कड्यावरून घसरली आणि गळ्यातलं दावं झुडपात अडकून लोंबकळू लागली. दगडाबाईनं कमरेचा चाकू उघडून दाव्याला लावला, तर पहिल्याच ओढीला पातं निसटून दरीत गेलं आणि हातात नुसती मूठ राहिली. शेवटी तिनं शेळी गुडघ्यांत आवळून धरली आणि दावं एका दगडावर धरून दुसऱ्या दगडानं ठेचलं. शेळी वाचली, पण तोवर तिचे डोळे पांढरे झाले होते. दगडाबाईचे त्याहून जास्त.

तो चाकू धुळाजीनं हौसेनं आणला होता. त्याच्या मुठीत बॅटरी होती, शिट्टी होती, बाटलीचं झाकण काढायचा आकडा होता. धार तेवढी द्यायची राहिली होती. त्याच्या आधीचा चाकू मिटायला नको तेव्हा मिटायचा, आणि मिटताना मध्ये कुणाचं बोट आहे हे बघायचा नाही.

"चाकूतलं बायामाणसाला काय कळतंय?" धुळाजी म्हणाला.

"खुरं कोण तासतंय? काटे कोण काढतंय? दावी कोण कापतंय?" दगडाबाईनं विचारलं. "तुमी शिट्टी वाजवा. चाकू मी आणते."

घाटाखालच्या आठवडी बाजारात बिभीषण नावाचा माणूस पाल ठोकून बसायचा. कुलपं, कात्र्या, उंदराचे सापळे आणि चाकू असा त्याचा माल. दगडाबाई पुढ्यात उभी राहिली तेव्हा त्यानं मान वर न करताच हात केला. "मावशी, इळ्या त्या अंगाला."

"इळी मागितली का मी? घडीचा चाकू दाखव. रानात वापरायचाय."

बिभीषणनं एक चकचकीत चाकू उचलला. "ह्यो घ्या. वर हत्ती हुबा ऱ्हायला तरी वाकायचा न्हाई."

"हत्ती न्हाई माझ्याकडं," दगडाबाई म्हणाली. "मीच हाय."

तिनं चाकू उघडला, पात्याचं टोक पालाच्या कडेच्या दगडाखाली दाबलं आणि मुठीवर पाय ठेवून उभी राहिली. टक् असा आवाज आला. मूठ एकीकडं, पातं दुसरीकडं.

"ह्याला रिबीटचा खिळा न्हाई बाबा," तिनं दोन्ही तुकडे त्याच्या हातात ठेवले. "टिकली चिकटवलीय."

दुसऱ्या चाकूची पाठ तिनं दगडावर आपटली. खटका सुटला आणि चाकू खाडकन मिटला. "ह्यो माझं बोट खाईल," म्हणून तोही परत. तिसऱ्याचं टोक तिनं घरून आणलेलं दावं कापताना वाकलं. एव्हाना लोक जमले होते. रिकाम्या पिशव्या घेऊन आलेली माणसं बाजार करायचा विसरून चाकू मोडताना बघत होती, आणि प्रत्येक चाकूबरोबर बिभीषणची मान जरा जरा खाली जात होती. त्यानं तिला तेव्हाच हाकलायला हवं होतं. पण चार माणसांत हाकललं असतं तर माल खोटा ठरला असता.

त्यानं पेटीच्या तळाशी हात घातला. वर आला तो जाड पात्याचा, काळ्या मुठीचा, दिसायला अगदी ठोंब्या चाकू.

"मावशी, ह्यो मोडून दाखवा. मोडला तर पाल गुंडाळून घरी जातो मी."

दगडाबाई त्यावर उभी राहिली. चाकू हलला नाही. पाठ आपटली, खटका सुटला नाही. दावं लावलं, ते लोण्यासारखं कापलं गेलं. दगडाबाईच्या मनात पहिल्यांदा आशा निर्माण झाली. पण आशेवर तिनं या आधी दोन चाकू गमावले होते.

"आता शेवटचं," ती म्हणाली.

पालाच्या मधोमध बाभळीची मेढ होती. सगळं पाल त्या एका खांबावर तोललेलं. मेढीला उन्हानं तडा गेला होता. दगडाबाईनं त्या तड्यात चाकूचं टोक धरलं, दगड घेतला आणि ठोकायला लागली. पातं अर्ध्याच्या वर आत शिरलं. मग तिनं मूठ दोन्ही हातांनी धरली, पाय जमिनीवरून उचलले आणि लोंबकळली. चाकू तसाच. कुणीतरी शिट्टी मारली. बिभीषणनं हाताची घडी घातली.

"बोला मावशी."

"घेते," दगडाबाई म्हणाली आणि चाकू ओढला.

चाकू आला नाही.

तिनं परत ओढला. बिभीषणनं ओढला. दोघांनी मिळून ओढला. एक पैलवानासारखा गडी पुढं आला, त्यानं मेढीला पाय लावला आणि "बाजूला व्हा" म्हणून असा हिसका दिला की काही ना काही येणारच होतं. मेढ आली. चाकू मेढीतच होता. वरचं पाल क्षणभर विचार करत थांबलं आणि सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसलं.

आत अंधार झाला. त्या अंधारात लोक उंदरांच्या सापळ्यांवर बसायला लागले. एकेक सापळा वाजला की एकेक बोंब उठायची. बिभीषण आतून ओरडत होता, "चाकू! चाकू बघा!" त्याला म्हणायचं होतं, जपून, मेढीत चाकू आहे. पण बाहेरच्यांना ऐकू आलं ते एवढंच.

शेजारच्या बांगडीवाल्यानं गाठोडं बांधलं. बातमी भाजीच्या ओळीत पोहोचली तेव्हा एका बाईनं एकाला भोसकलं होतं. चहाच्या टपरीपर्यंत दोघं झाले. शेळ्यांच्या बाजारात तर टोळीच आली होती.

जमादार अमरसिंह काठी घेऊन पळत आले तेव्हा दगडाबाई पालाखालून बाहेर येत होती. पदर फाटला होता, पण मेढ तिनं सोडली नव्हती.

"चाकू कुणी मारला?"

"मी."

"कुणाला?"

"मेढीला."

जमादारांनी आजूबाजूला बघितलं. "ह्यो मेढी कुठल्या गावचा? जिता हाय का?"

सगळं समजावून सांगितल्यावरही त्यांचं समाधान होईना. बाजार उधळला होता, हत्यार समोर होतं. हत्यार चौकीत न्यायलाच हवं. हत्यार मेढीत, म्हणून मेढही न्यायला हवी. ती धरायला कुणी पुढं येईना. शेवटी पुढचं टोक बिभीषणनं खांद्यावर घेतलं, मागचं खुद्द जमादारांनी, आणि पुढं दगडाबाई चालू लागली. लांबून बघणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी तिरडी समजून टोप्या काढून हात जोडले.

चौकीत फौजदार जेवण उरकून बसले होते. "बाई, भरबाजारात हत्यार चालवलं तुमी?"

"चालवलं न्हाई, पारखलं," दगडाबाई म्हणाली. "तुमी गाडी घेता तवा चक्कर मारून बघता का न्हाई? मग मी चाकू का बघू नये? तुमची गाडी बंद पडली तर ढकलायला चार मानसं भेटत्यात. मला डोंगरात कोण भेटतंय?"

फौजदारांनी दात कोरायची काडी खाली ठेवली. ते बिभीषणकडं वळले. "तुझी तक्रार काय?"

सगळ्यांना वाटलं, आता हा बोलणार. तीन चाकू गेले, पाल फाटलं, मालाचा चेंदामेंदा झाला.

"तक्रार कशाची साहेब?" बिभीषण छाती काढून म्हणाला. "अख्ख्या बाजारानं बघितलं. माझा चाकू मोडला न्हाई."

फौजदार उठले. त्यांनी मूठ धरली, मेढीवर बूट रोवला आणि जोर केला. थोड्या वेळानं ते टेबलापलीकडं जमिनीवर बसलेले दिसले. उठून त्यांनी टोपी नीट केली. "घेऊन जा हे लाकूड," असं म्हणाले आणि बिभीषण दाराशी गेल्यावर हळूच विचारलं, "असला आणखी एक हाय का बे?"

"एकच होता साहेब."

बाहेर आल्यावर नवीनच तंटा निघाला. चाकू दगडाबाईचा, मेढ बिभीषणची. मेढ फोडावी तर कुऱ्हाड पात्याला लागणार. ते दोघांनाही मंजूर नव्हतं. बिभीषण तर कुऱ्हाडीचं नाव काढल्यावर असा चमकला, जणू पोटच्या पोरावर उगारली. शेवटी दगडाबाईनं मेढही विकत घेतली.

धुळाजी घाटाच्या तोंडाशी वाट बघत होता. बायको वर येताना दिसली तसा तो पुढं झाला. चाकू बघितला, मेढ बघितली. मूठ धरून ओढायला गेला आणि दंड चोळत मागं आला.

"मजबूत हाय," त्यानं कबूल केलं. "पर मिटणार कसा?"

"मिटायचा कशाला?" दगडाबाई म्हणाली. "मिटणारे लई बघितले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेळ्या सोडल्या आणि मेढ खांद्यावर टाकली. पायवाटेला वरच्या वस्तीवरची कौशल्याबाई सरपण घेऊन येत होती. ती थबकली.

"अगं दगडे, हे काय घिऊन निघालीस रानात?"

"चाकू," दगडाबाई म्हणाली आणि मेढ ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.