घराबरोबर बाई

थोरल्याची एक खोड अक्कांना मुळीच खपत नसे. सगळं ठरवून झालं, की हा सल्ला विचारायला यायचा! परदेशच्या सहलीचंही तेच. कुठला किल्ला, कुठला धबधबा, नावेतली फेरी कधी, सगळा बेत पक्का झाला आणि मग स्वारी आईच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"अक्का, फक्त तिकिटं काढायची राहिलीत. राहायचा खर्चच नाही! घरांची अदलाबदल. ते लोक इथे, आपण तिथे."

"आपण म्हणजे?"

"म्हणजे मी आणि ही. तुला कुठे एवढं चालवतंय? शिवाय घरात कुणीतरी हवंच की."

"मला काय करायचाय मेला तुमचा धबधबा!" असं म्हणून अक्कांनी चिरायला घेतलेल्या कोबीचा पार भुगा केला. पासपोर्ट त्यांचाही होता, धाकट्या लेकीच्या परदेशातल्या बाळंतपणाला काढलेला. तोंडदेखलं का होईना, "येतेस का?" म्हणायला याची काय जीभ झडणार होती?

रविवारी त्या मंडळींशी फोनवर तोंडओळख झाली, चित्रासकट. पडद्यावर एक गुबगुबीत बाई, तिचा काटकुळा नवरा आणि मधोमध वासराएवढा कुत्रा! थोरला पडला विमा एजंट; गळक्या छपराला हवेशीर म्हणणारी जात! फोन नाचवत तो खोल्या दाखवत सुटला. खुर्चीतल्या अक्का दिसताच पलीकडच्या बाईने बोट दाखवून तिच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि टाळ्याच पिटल्या. थोरल्याने झटकन फोन भिंतीकडे वळवला.

"काय म्हणाली रे ती?"

"काही नाही. घर आवडलं."

"बोट तर माझ्याकडे होतं! सूनबाई, तू सांग."

सूनबाई पदराआड हसू दाबत म्हणाली, "विचारतेय, कामवाली ती हीच का? ह्यांनी जाहिरातीत लिहिलंय, घराबरोबर अनुभवी बाई मिळेल म्हणून."

"कामवाली?"

तो आवाज ऐकून पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

"अगं अक्का, मी 'घर सांभाळणारी' असं लिहिलं होतं!" थोरला घामाघूम. "नुसत्या घराला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं गं!"

"आता विचारतंय की," सूनबाई म्हणाली. "त्याला रोज आंघोळ घालाल का, असं विचारते ती. चावत नाही म्हणे. फारसा."

थोरल्याचं बोट फोन बंद करायला वळलं.

"खबरदार!" अक्का कडाडल्या. "सूनबाई, सांग तिला, रोज घालू. कोमट पाण्याने, अंग चोळून."

पलीकडे आनंदीआनंद झाला. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. "अक्का, तुझं मन खरंच मोठं!"

"माझं कशाला? घालणार आहेस तू. मी आणि सूनबाई जातोय. ऊठ, तिकिटं काढ, आणि मला खिडकीजवळची जागा बघ."