दिघेकाकांचं एक मत

निवडणूक आली की उमेदवार घरोघर मत मागत फिरतात. इथे बडोद्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या दिघेकाकांकडे मात्र ते मत नको म्हणून सांगायला येतात. चपला दाराबाहेर काढून, हात जोडून, अगदी नम्रपणे. "काका, आ वखते अमने छोडी दो. बीजा कोईने आपजो."

कारण साधं आहे. दिघेकाका ज्याला मत देतात तो पडतो. नुसता पडत नाही, सगळ्यांत शेवटी येतो. त्यातून काकांना गुप्त मतदान ही कल्पनाच मान्य नाही. मतदानाच्या आधी सोसायटीच्या बाकावर बसून ते जाहीर करतात, "माझं मत अमक्याला." त्या दिवशी त्या अमक्याच्या घरी चूल पेटत नाही, असं म्हणतात.

काकांना राजकारणातलं काही कळत नसावं, असं तुम्हाला वाटेल. छे! मांजलपूरच्या या मतदारसंघाची कुंडली काकांना पाठ आहे. आज जिथे सोसायटीचा झोपाळा आहे तिथे वांगी होती, इथून ते सुरुवात करतात. तेव्हा एका मोठ्या शेतकऱ्याच्या शब्दावर सगळी मतं पडायची. मग शेतं विकली गेली, सोसायट्या उठल्या, आमच्यासारखी नोकरदार मंडळी जुन्या बडोद्यातून इकडे राहायला आली आणि कुणी कुणाचं ऐकेनासं झालं. पुढे मतदारसंघाच्या हद्दी नव्याने आखल्या, तेव्हा काकांचे थोरले भाऊ रस्त्यापलीकडच्या मतदारसंघात गेले. काका त्याला 'आमच्या घरची फाळणी' म्हणतात. सणाला भाऊ जेवायला आले की "बोला, परदेशी पाहुणे," असं म्हणून पाट मांडतात.

उमेदवार त्यांना नावानिशी आठवत नाहीत, लक्षणांनी आठवतात. एक 'विजेच्या खांबाला नमस्कार करणारा', एक 'भाषणात स्वतःच टाळ्या वाजवणारा', एक 'पडल्यावर सुखाने किराणा विकणारा'. कोण निवडून येणार हे ते सभेला जाऊन चपला बघून मला सांगतात. "लोक चपला काढून सतरंजीवर बसले, तर समज, ऐकतायत. पायात ठेवून बसले, तर नाश्त्यासाठी आलेत. गणित मांड, शुभा, गणित!" आणि त्यांचं गणित कधी चुकत नाही. पहिला कोण, शेवटचा कोण, दोन्ही ते आधीच सांगून मोकळे होतात.

म्हणजे बघा, लोक त्यांना पनोती म्हणतात ते खोटं आहे. त्यांच्या मतामुळे कुणी शेवटी येत नाही. शेवटी कोण येणार हे हुडकून काढून ते त्यालाच मत देतात. मी बँकेत काम करते, मला असला उधळेपणा सोसत नाही. इतकं कळतं, तर निवडून येणाऱ्याला तरी द्यावं. नाहीतर घरी झोपावं.

यंदा उभा होता कोपऱ्यावरचा मुकेशभाई भजियावाला. दुकानासमोरचा खड्डा काही केल्या बुजत नव्हता, म्हणून चिडून अर्ज भरला. चिन्ह मिळालं कढई. बिचारा भजी बांधून घेऊन काकांकडे आला. मी तिथेच होते.

"काका, पगे लागुं. मने मत ना आपता."

काकांनी एक भजं तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं. "भजी फर्स्ट क्लास. पण गणित सांगतं, मुकेशभाई, तुम्ही शेवटी. माझं मत तुम्हालाच."

मुकेशभाईचे डोळे भरून आले. माझं मात्र डोकं फिरलं. मी तडक आत स्वयंपाकघरात गेले. नलूकाकू मेथी निवडत होत्या.

"काकू, हा छळ आहे हं. तुम्ही सांगा ना त्यांना!"

"अगं, मी काय सांगू? मीच उभी होते ना एकदा," काकू म्हणाल्या.

मला हे ठाऊकच नव्हतं. आम्ही इथे राहायला यायच्या आधीची गोष्ट. वरच्या मजल्यांवर पाणी चढत नव्हतं, म्हणून शाळेत शिकवणाऱ्या नलूकाकू थेट विधानसभेला उभ्या राहिल्या. चिन्ह बादली. मुद्दाम मागून घेतलेलं. काका महिनाभर त्यांच्याबरोबर उन्हातान्हात जिने चढले. बायकांनी ओट्या भरल्या, सगळ्यांनी शब्द दिला.

"मोजणीला हेच बसले होते. आपल्या बूथचं मशीन उघडलं, तर बादलीला एक मत."

"एक?"

"एक. ते माझं." काकूंनी मेथीची काडी मोडली. "यांच्या गणितात मी शेवटी येत होते ना. मत वाया घालवायचं नाही, हा तेव्हा यांचा नियम. जिंकणाऱ्याला देऊन आले. मोजणीहून घरी आले ते असे, की मला पाहवेना. मीच म्हटलं, अहो, घाईत माझंच बटण चुकलं, ते एक मत तुमचंच असणार. हे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चहा प्यायले. तेव्हापासून हे असं चाललंय."

मला एकदम काकूंना मिठी मारावीशी वाटली. पण हात मेथीत होते, त्यांचेही आणि एव्हाना माझेही.

मतदानाच्या दिवशी दोघांना मीच गाडीतून शाळेत नेलं. मत देऊन बाहेर आलो, तर फाटकापासून लांब, रस्त्याच्या पलीकडे इस्त्रीचा शर्ट घालून मुकेशभाई उभा. "दिलं हं तुम्हाला," काका म्हणाले. त्याने कपाळाला हात लावला आणि मग हसला.

"चालो, काका. बे तो पाका हता, एक मारो ने एक मारी घरवाळीनो. तमारो मळीने त्रण थया." दोन मतं त्याने पक्की धरली होती, स्वतःचं आणि बायकोचं; काकांचं धरून तीन.

काका त्याच्याकडे बघत राहिले. तो निघून गेला तरी ते तिथेच उभे. मी गाडीचं दार उघडून धरलं होतं.

"नलू," ते म्हणाले, "त्या वेळी तुझं बटण चुकलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मी तुला मत..."

"माहीत आहे म्हटलं ना. बसा आता, ऊन लागेल."

काका बसले नाहीत. त्यांनी भर रस्त्यात काकूंचा हात धरला आणि लहान मुलासारखे रडू लागले. काकूंनी हात सोडवून घेतला नाही. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. म्हटलं, वाजू देत.