गाडीला ऐकू येऊ लागलं

बायकोच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, पण नंतर. ते सगळं नंतरच सांगतात. कुणाचं काही बिघडलं की "तरी मी म्हणत होतो" म्हणत कुंपणाशी येऊन उभे राहतात. गल्लीत त्यांचं नावच 'तरीमी' पडलंय.

मी तसा कमी बोलणारा माणूस. (बोलायचं मनात असतं, पण शब्द जुळवून तोंडापर्यंत आणेस्तोवर बायकोचं उत्तर देऊन झालेलं असतं.) जन्मभर गोदामात पेट्या रचल्या. पेट्यांशी काय बोलणार? शाळेचं आणि माझं फार दिवस जमलं नाही, पण हातकाम मला येतं, असा माझा समज आहे. बायकोचा तसा समज नाही. मागे एकदा मी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला, तर पाणी बाहेरच्या खोलीतल्या पलंगाखालून वाहिलं. त्या दिवशी तिनं बजावलं, "यापुढे तुमच्या हातात पाना दिसला, तर जेवणाचं तुमचं तुम्ही बघायचं."

आता गाडीबद्दल. आमची गाडी जुनी. घेतली तेव्हाही जुनीच होती. तिचं स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं लगेच वळत नसत. मेकॅनिक लोक याला 'प्ले' म्हणतात. आम्ही म्हणायचो, गाडीला कमी ऐकू येतं. डावीकडे वळायचं असलं तर वळण यायच्या बरंच आधी स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागायचं. मग गाडी जरा विचार करायची आणि वळणाशी पोचल्यावर वळायची. मला त्याची इतकी सवय झाली होती की सगळ्याच गाड्या अशा असतात असं मला वाटे.

"गाडी अगदी तुमच्यावर गेलीय," बायको म्हणायची. "सकाळी विचारावं, संध्याकाळी उत्तर."

तर अशा गाडीवर मी तिला शिकवलं. साठी ओलांडल्यावर गाडी शिकायचं तिनं का मनावर घेतलं? मी एकदा हळूच विचारलं, तर म्हणाली, "उद्या तुमच्या छातीत दुखायला लागलं, तर मी काय गाडीला धक्का मारत तुम्हाला दवाखान्यात नेऊ?" दुसऱ्याच दिवशी मी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली.

बंद कारखान्यामागच्या मैदानात रोज सकाळी आमची शिकवणी चाले. ती भराभर शिकली. तरी परीक्षेत दोनदा नापास झाली. पहिल्या वेळी चढावर गाडी थांबवायला सांगितली, तर ही खाली उतरली आणि चाकामागे दगड लावून आली. (आमचा हँडब्रेक धरत नव्हता. मी तिला तसंच शिकवलं होतं.) दुसऱ्या वेळी लाल दिव्याशी तिनं इंजिन बंद केलं आणि ते पुन्हा सुरूच झालं नाही. (पेट्रोल वाचतं, म्हणून हेही मीच शिकवलेलं.) ती मान खाली घालून गाडीतून उतरली, तेव्हा मला पेटीखाली बोट सापडल्यासारखं झालं. घरी येताना ती इतकंच म्हणाली, "आता एकदाच देणार. नाही झालं तर पुन्हा या वयात गाडीचं नाव काढायचं नाही."

त्याच दिवशी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला बाजूला घेतलं होतं. गाडीचं स्टिअरिंग हलवून दाखवत म्हणाले, "आजोबा, हँडब्रेक आणि हे स्टिअरिंग, दोन्ही नीट करून आणा. नाहीतर पुढच्या वेळी गाडी आत घेणार नाही. मग आजींची परीक्षाच होणार नाही."

हँडब्रेकची तार कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं उभ्या उभ्या ओढून दिली. स्टिअरिंगचे झिजलेले जोड बदलायला मात्र गाडी चार दिवस ठेवा म्हणाला. चार दिवस गाडी नाही म्हणजे तिचा सराव बुडणार. तिला सांगू सांगू म्हणता (माझं सांगणं तुम्हाला माहीतच आहे) रविवार उजाडला. परीक्षा सोमवारी. ती बहिणीकडे गेली आणि मी मनाशी ठरवलं: जोड आपणच बदलावेत. ती परत यायच्या आत. गुपचूप.

सुट्या भागांच्या दुकानदारानं समजावून सांगितलं. स्टिअरिंगपासून दोन्ही चाकांकडे एकेक दांडा जातो. त्याच्या टोकाला एक जोड असतो. आपल्या खांद्यात कसा गोळा वाटीत बसतो, तसाच. तो झिजला की गाडीला ऐकू येईनासं होतं. "जुना जोड दांड्यावरून फिरवून काढताना किती फेरे झाले ते मोजा," दुकानदार म्हणाला, "आणि नवा तितकेच फेरे फिरवून बसवा. नाहीतर चाकं तिरळी बघतील. शिवाय कुठपर्यंत होता तिथे रंगाची खूण करा."

घरात रंग नव्हता. बायकोचं नेलपॉलिश होतं, लालभडक. तेच घेतलं.

गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, खाली चटई टाकून आडवा झालो. आडवा झालो म्हणजे काय, हळूहळू घडी घातली. नट गंजून दगड झाला होता. तेल सोडलं, पाना लावला, पान्याला पाय लावला. नट हलला नाही, गाडी हलली. तेवढ्यात कुंपणाशी तरीमी आले.

"काय चाललंय?"

"जोड बदलतोय."

"बदला, बदला. सोपं असतं." आणि स्टूल आणून बसले, नाटकाला बसावं तसे.

नट सुटला, तर जोड सुटेना. हातोड्यानं ठोकलं. पाच-सहा घावांनंतर तो असा काही धाडकन सुटला की दांडा माझ्या कपाळाला लागून गेला.

"तरी मी म्हणत होतो, डोकं बाजूला ठेवा," तरीमी म्हणाले.

मी टेंगूळ चोळत खूण केली आणि फेरे मोजायला लागलो. अर्ध्यावर आलो असेन, खिशातला फोन वाजला. बायको.

"काय करताय?"

"मोजतोय."

"काय मोजताय?"

मला खोटं बोलायला वेळ लागतो. (खरं बोलायलाही लागतोच.) "फेरे," मी म्हणालो.

"कसले फेरे?"

"अंगणातले."

"चालताय होय? शहाणं बाळ! डॉक्टर किती दिवस सांगताहेत. किती झाले?"

"अकरा... का बारा... तू फोन केलास ना, विसरलो."

"मग पुन्हा पहिल्यापासून घाला. चालढकल नको." तिनं फोन ठेवला.

मी बायकोचं ऐकणारा माणूस. अर्धवट सुटलेला जोड खुणेपर्यंत परत आत फिरवला आणि पहिल्यापासून मोजला. एक बाजू झाली, दुसरी झाली, चाकं बसवली, जॅक काढला. गाडी फाटकाबाहेर नेऊन एक चक्कर मारणार, तोच कोपऱ्यावर बायको दिसली. पाना पाठीमागे लपवला, तो तरीमींनी घेतला आणि ते स्टुलासकट नाहीसे झाले. (माणूस तसा वाईट नाही.)

ती आत आली आणि माझ्याकडे बघून थबकली. "अहो, हे कपाळाला काय? आणि अंगठा केवढा लाल! रक्त येतंय!"

अंगठ्याला नेलपॉलिश लागलं होतं. ते सांगावं तर पुढचं सगळं सांगावं लागणार. मी म्हणालो, "चालताना पडलो."

"मीच मेली फेरे घाला म्हणाले!" तिचे डोळे भरून आले. मला खुर्चीत बसवून तिनं माझ्या कपाळाला मलम लावलं. अंगठ्यावर अलगद फुंकर घातली आणि तो पुसूनही न बघता वरून पट्टी बांधली. "दुखतंय?" मी हो म्हणालो. खरंच दुखत होतं, फक्त अंगठ्यात नाही.

सोमवारी सकाळी गाडी मी काढली. परीक्षेचं मैदान आमच्या घरापासून सरळ रस्त्यावरच आहे, वळण असं नाहीच. पण गाडी सरळ जाईना. जरा स्टिअरिंग हललं की इकडे, सावरावं की तिकडे.

"अहो, साप चालल्यासारखी काय चालवताय?"

"हात थरथरताहेत," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

"परीक्षा माझी आणि हात तुमचे थरथरताहेत!" ती हसली आणि तिनं माझ्या पट्टीवर हात ठेवला. त्यानं गाडी आणखीच वळवळली.

मैदानात साहेबांनी स्टिअरिंग हलवून बघितलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मला काय अभिमान वाटला! मी जाळीच्या कुंपणाबाहेर छाती पुढे काढून उभा राहिलो. साहेब तिच्या शेजारी बसले. गाडी निघाली. पहिल्या डाव्या वळणाच्या बरंच आधी, मी शिकवलं होतं अगदी तिथेच, तिनं स्टिअरिंग डावीकडे ओढलं.

गाडीनं लगेच ऐकलं.

रस्ता आखायला ठेवलेले चार प्लास्टिकचे कोन आडवे झाले, पाचवा गाडीखाली गेला आणि गाडी येऊन थांबली ती माझ्यापासून हातभर अंतरावर, जाळीला नाक लावून. काचेतून मला तिचा चेहरा दिसला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझे हात थरथरत नव्हते. ज्या गाडीवर ती शिकली, ती गाडीच मी काल बदलून टाकली होती. एकदाच देणार म्हणाली होती, आणि ते एकदाच मी घालवलं होतं.

ती उतरून जाळीशी आली. "गाडीला काय केलंत?"

"मी... ते..."

"लवकर बोला, साहेब उभे आहेत."

"स्टिअरिंगचे... जोड... नवे टाकले. काल."

मी डोळे मिटले. दोन वेळचं जेवण तर गेलंच होतं. पण ती ओरडली नाही. तिनं माझ्या अंगठ्याकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं. म्हणाली, "म्हणजे आता सांगितलं की लगेच वळते?"

"हो."

"एवढंच ना!" आणि वळून साहेबांकडे गेली. "साहेब, इतके दिवस मी बहिऱ्याशी बोलत होते. ओरडून सांगायची सवय लागली. काल यांनी त्याचे कान उघडलेत, पण मला सांगितलं नाही. आता हळू बोलते. एक संधी द्या."

साहेबांना आधी काही कळेना. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पट्टी बांधलेला अंगठा वर करून दाखवला. (का दाखवला, देव जाणे.) साहेब हसले. "सगळ्यांची झाली की शेवटी एक फेरी. पण एकही कोन पडता कामा नये."

तोवर ती बंद गाडीत बसून स्टिअरिंग इकडे जरासं, तिकडे जरासं करून बघत होती. ओठ हलत होते. तिचा नंबर आला. मी जाळी इतकी घट्ट धरली होती की बोटांवर चौकोन उमटले. वळण आलं. ती वाट बघत राहिली, बघत राहिली आणि अगदी वळणावर तिनं स्टिअरिंग हलकेच फिरवलं. गाडी वळली. आठाचा आकडा झाला. चढ झाला, दगड न लावता. एकही कोन हलला नाही.

"पास," साहेब म्हणाले. "शाबास, आजी!"

"पास झाल्यावर तरी आजी म्हणू नका," ती म्हणाली आणि सही करायला टेबलाकडे गेली.

"आजोबा, गाडी तेवढी बाजूला घ्या," साहेब मला म्हणाले.

मी आनंदात होतो. आनंदात माणूस सवयीनं वागतो. मी गाडीत बसलो आणि उजवीकडे वळायचं म्हणून बरंच आधी स्टिअरिंग ओढलं. सगळेच्या सगळे कोन गेले. त्यानंतर साहेबांची खुर्ची गेली. (साहेब उभे होते, हे नशीब.)

"लायसन्स दाखवा," साहेब म्हणाले. आता ते हसत नव्हते.

मी पाकिटातून काढून दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून वाचलं. "आजोबा, याची मुदत संपून दोन वर्षं झाली. आता पुन्हा परीक्षा द्यावी लागेल, तुम्हालाही." मग त्यांनी बायकोकडे वळून विचारलं, "तुम्हाला गाडी शिकवली ती यांनीच का?"

काही झालं तरी निदान या प्रश्नाचं उत्तर अभिमानानं द्यावं, म्हणून मी शब्द जुळवायला घेतले. ते तोंडापर्यंत यायच्या आत ती बोलून मोकळी झाली. "छे हो! लायसन्स नसलेला माणूस कसा शिकवेल? मी माझ्या भाच्याबरोबर शिकले. यांना कुठली गाडी येते?"

साहेबांनी माझ्याकडे दयेनं बघितलं आणि पुढच्या महिन्यातली तारीख दिली.

घरी जाताना गाडी ती चालवत होती. एका हातानं. मी शेजारी बसून पट्टा लावला आणि बऱ्याच वेळानं म्हणालो, "साहेबांसमोर ठीक आहे. पण इथे तरी खरं सांग. शिकवलं मीच ना?"

"तुम्हीच शिकवलंत," ती आरशात बघत म्हणाली. "म्हणून तर तीनदा परीक्षा द्यावी लागली."