आत्या ठेवील ते नाव

आकाशपाळण्यातून खाली उतरलेला माणूस कायद्याने तान्हं बाळ असतो आणि बारसं होईपर्यंत त्याला नाव नसतं. नियमात नुसतं ‘पाळणा’ म्हटलंय. लाकडी की लोखंडी, याची फोड सरकारने केलेली नाही. म्हणून प्रत्येक आकाशपाळण्याखाली एक सरकारमान्य आत्या असते. ती उतरणाऱ्याच्या कानात ‘कुर्र’ करून त्याचं नाव त्याला परत देते, हातावर घुगऱ्या ठेवते आणि पुढच्याला बोलावते.

निंबोऱ्याच्या जत्रेत पाळणाही हौसाबाई खंदारेंचा आणि आत्याही त्याच. वर्षाची चूल या एका जत्रेवर पेटायची. जत्रा भरली होती, परवाना मात्र मिळायचा होता.

हसलं तर पगार कापतील अशा चेहऱ्याने निरीक्षक मुकुंद नाफडे आले. त्यांनी नटबोल्ट तपासले, ब्रेक पाहिला, नियमाप्रमाणे स्वतः एक फेरी मारली आणि उतरता उतरता म्हणाले, “परवाना मिळणार नाही. पाळणा आहे, पण अंगाई नाही.”

“इंजिन काय थोडं गातंय व्हय, सायेब?”

“त्याने बाळं झोपत नाहीत. कागद आणा, शेरा लिहितो.”

हौसाबाई नियमाच्या पक्क्या. “आणते की. पर सही कोण करनार? तुमचं बारसं कुठं झालंय?”

नाफड्यांनी विचार केला. मुद्दा बरोबर होता. ते निमूट पाटावर बसले. “मुकुंदच ठेवा.”

“बाळानं नाव सांगायचं नसतंय. आत्या ठेवंल त्ये.”

हौसाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. जमलेल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले, जरा जास्तच हौसेने. नाफड्यांनी घुगऱ्या खाल्ल्या, रुमालाला हात पुसले आणि अंगाईच्या अभावाबद्दल अर्धं पान खरमरीत लिहिलं. खाली नव्या नावाने सही केली. नियमच तसा, करणार काय?

‘मंजूर’.

सरकारी कागदाचा शेवटचा शब्द तेवढा वाचायचा असतो. इंजिन लगेच सुरू झालं.

नाफडे शेजारच्या मौत का कुआंकडे वळले. तो तर ते बंदच करणार होते. त्याचा मालक रडकुंडीला येऊन हौसाबाईंकडे धावला.

“निवांत ऱ्हा,” बाई म्हणाल्या. “त्यास्नी सही तेवढी करू दे.”