बाबांच्या वजनाचं पोतं

गाडीच्या सस्पेन्शनबद्दल काही शंका असेल तर खुशाल मला विचारा! स्प्रिंग कोणती घ्यावी, शॉक ॲब्सॉर्बर किती कडक असावा, गाडी जमिनीपासून किती वर असावी, सगळं तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. फक्त आमच्या बाबांसमोर विचारू नका.

माझा धंदा चष्म्याचा. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत दिवसभर 'ही बरी की ती बरी?' विचारत बसायचं. त्यामुळे निवड करावी ती आपणच, असा माझा ठाम समज होता. गाडीही मी तशीच पारखून घेतली होती. जुनी, पण खानदानी! एका डॉक्टरांनी वापरलेली, लांबलचक, चामड्याच्या सीटांची, आणि एक नाही, दोन नाही, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी. चिखल असो, चढ असो, ही गाडी कुठे अडकणारच नाही, असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. खोट एवढीच, की तिला स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या होत्या आणि मागची एक पिशवी गळायला लागली होती. सकाळी बघावं तर बाईसाहेब एका मांडीवर बसलेल्या!

नुसत्या गाडीपायी मी एवढा जीव टाकला नसता. प्रश्न बाबांचा होता.

आई गेल्यापासून बाबा गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहत होते. त्यांचं सगळं आयुष्य शाळेत कवायत शिकवण्यात गेलं. आजही रस्त्याने चालले तर समोरचा माणूस आपोआप पोट आत घेतो. दर रविवारी मी त्यांना गाडीने आणायचो. जेवण, गप्पा, संध्याकाळी परत. आता त्यांनी कायमचं आमच्याकडे यावं, म्हणून आम्ही मागची खोली रिकामी केली, पलंग घातला, बैठकीत नवा सोफाही आणला, आणि त्यानंतर दोन-चार रविवार येऊन ते रविवारचेही येईनासे झाले! "पाठ धरते रे. पुढच्या रविवारी बघू." असे बरेच पुढचे रविवार आले आणि गेले. त्या आवरलेल्या खोलीत कुणीच झोपत नाही, हे मला बघवत नव्हतं.

मी विचार केला. आमच्याकडे येताना पाठीला त्रास कशाचा? रस्त्याचा. रस्त्याचा धक्का पाठीपर्यंत कोण पोचवतं? सस्पेन्शन! झालं, निदान पक्कं.

"अहो, आधी त्यांना विचारा तरी, नेमकं कुठे आणि कधी दुखतं ते," बायको म्हणाली.

"पाठ म्हणाले ना? मग पाठीतच दुखणार!"

"तसं नाही हो..."

"तू बघ फक्त. पाण्यावरून नाव जावी तसे येतात की नाही बाबा!"

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी गाडीखाली डोकावून तीन रस्ते सांगितले. पुन्हा तशाच हवेच्या पिशव्या घालायच्या. नाहीतर साध्या स्प्रिंगा घालून मोकळं व्हायचं. नाहीतर तिसरा प्रकार, ज्यात गाडीची उंची आणि कडकपणा दोन्ही कमीजास्त करता येतात.

"साध्या स्प्रिंगा घाला आणि झोपा निवांत," उस्ताद म्हणाले.

पण निवांत झोपायला मी एकटा थोडाच होतो! बरोबर माझा मेहुणा होता. तो स्वतः सायकलवर फिरतो, पण गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याचं नाव घरात टर्बो पडलंय.

"भाऊजी, साध्या स्प्रिंगा म्हणजे गाडी डुलणार. डुलली की कंबर फिरते. कंबर फिरली की पाठ गेली! तिसराच प्रकार घ्या, आणि गाडी जरा खाली घ्या. जितकी खाली, तितकी स्थिर."

हे ऐकायला इतकं शास्त्रीय वाटलं की मी तिथल्या तिथे मान डोलावली. उस्तादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टर्बोकडे पाहिलं आणि पाना खिशात ठेवला.

सामान मी घरबसल्या मागवलं. खोकं आलं, उस्तादांनी उघडलं आणि पुढचे शॉक हातात धरून विचारलं, "हे कुणाचे?"

"आमच्या गाडीचे!"

"तुमच्या गाडीच्या बहिणीचे आहेत. तिची फक्त मागची चाकं ओढतात. तुमची पुढचीही ओढतात, म्हणजे इथून चाक फिरवणारा दांडा, ॲक्सल, जातो. त्याला वाट द्यायला हा खालचा भाग चिमट्यासारखा दुभंगलेला लागतो. हे बसवले तर ॲक्सल जाणार कुठून, तुमच्या मांडीवरून?"

खोकं परत गेलं. दुसरं आलं. या वेळी बरोबर होतं. उस्तादांनी ते बसवून दिलं आणि बजावलं, "दोन बोटं खाली घेतलीय. आता हात लावू नका."

टर्बोने त्याच दुपारी हात लावला. खोक्यात पाना आला होता, तो वाया कसा जाऊ द्यायचा? गाडी आणखी दोन बोटं खाली गेली. दिसायला मात्र अशी झाली की शेजारपाजारचे थबकून बघायला लागले. मीसुद्धा दोनदा जिना उतरून बघून आलो.

आता चाचणी. बाबांना आयत्या वेळी चकित करायचं होतं, तेव्हा त्यांच्यावर प्रयोग करणं शक्य नव्हतं. मग मी एक नामी युक्ती काढली. बांधकामावरून वाळू आणली, पोत्यात भरली, काट्यावर घालून बरोबर बाबांच्या वजनाइतकी केली आणि ते पोतं मागच्या सीटवर बसवून त्याला पट्टा लावला. पोत्याच्या मांडीवर, म्हणजे जिथे असती तिथे, पाण्याने भरलेलं भांडं ठेवलं. गावभर फिरलो. खड्डे, रूळ, फरशी उखडलेली गल्ली, काही म्हणून सोडलं नाही. अर्धीअधिक जागा मी बैलगाडीच्या वेगाने चालवली हे खरं, पण पाणी सांडलं नाही!

"पोत्याला काही त्रास?" टर्बोने मागे वळून विचारलं.

"एक अक्षर बोललं नाही!"

ते पोतं सीटवरून बाहेर काढताना मात्र आमची दोघांची कंबर मोडली. गाडी खाली, सीट खोल, पोतं हलता हलेना. शेवटी कसंबसं ओढून डिकीत ढकललं आणि 'उद्या काढू' म्हणून झाकण लावलं. त्या ओढाओढीतही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आता वाटतं, तेव्हाच पडायला हवा होता.

रविवारी बायको, टर्बो आणि मी असे तिघं बाबांकडे गेलो. आमंत्रण देऊन ते येत नाहीत, म्हणून थेट दारातच उभे राहिलो. "बाबा, फक्त एकदा बसून बघा. पाठीला कळणारसुद्धा नाही!"

बाबांनी गाडीकडे वरून खाली पाहिलं. म्हणजे खालीच पाहिलं. वर काही नव्हतंच. मग सुनेकडे पाहिलं. ती बिचारी इतक्या आशेने उभी होती की त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी टोपी घातली, दाराला धरलं आणि धपकन आत गेले.

"कसं वाटतंय?"

"छान आहे."

रस्ताभर मी विचारत राहिलो आणि बाबा 'छान आहे' म्हणत राहिले. अधूनमधून ते नुसते खिडकीबाहेर बघायचे. मला वाटलं, आराम पडलाय!

आमच्या वसाहतीच्या फाटकात एक गतिरोधक आहे. तो कुणी बांधला माहीत नाही, पण बांधताना त्याच्या मनात फार राग असावा. पुढची चाकं त्यावरून गेली. मग पोटाखालून 'खर्रर्र' असा आवाज आला आणि गाडी थांबली. मी ॲक्सिलरेटर दाबला. चारही चाकांना ताकद मिळाली, अगदी विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे! पण गाडी पोटावर टेकलेली, चाकं जमिनीला नुसत्या गुदगुल्या करत होती.

"वजन जास्त झालंय," टर्बो उतरून वाकून म्हणाला. "सगळे उतरा."

मी उतरलो. बायको उतरली. बाबा हलले नाहीत.

"बाबा, उतरता ना?"

"तुम्ही व्हा पुढे. मी येतोच."

"अहो, पुढे कुठे होणार? गाडी अडकलीय!"

मागे दोन गाड्या उभ्या राहिल्या होत्या. एकीने भोंगा वाजवला. दुसरीने तिला साथ दिली. पहारेकरी धावत आला, भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली, वरच्या गॅलरीतून एक गृहस्थ "डावीकडे घ्या!" म्हणून ओरडायला लागले. काय डावीकडे घ्यायचं, ते त्यांनाच ठाऊक.

बाबांनी दाराला धरून जोर केला. अर्धे उठले आणि परत खाली गेले. पुन्हा जोर केला. पुन्हा खाली. त्यांचा चेहरा लाल झाला. मग पहारेकऱ्याने एक हात धरला, मी दुसरा धरला, टर्बो पलीकडच्या दाराने आत शिरून मागून ढकलायला लागला. "हळू!" "पाय आधी बाहेर!" "मान वाकवा, आजोबा!" असा गलका झाला आणि बाबा एकदाचे बाहेर आले. टोपी आतच राहिली. ज्या माणसाने हजारो पोरांना मैदानात ताठ उभं केलं, तो भर फाटकात तिघांच्या हातात लोंबकळत होता. त्यांनी आमचे हात झटकले.

पहारेकऱ्याने आपली खुर्ची पुढे केली. साधी प्लॅस्टिकची, हातांची, उंच. बाबा तिच्यावर बसले आणि समोर बघत राहिले.

आणि गाडी? ती तिथेच! तसूभरही वर आली नव्हती. "अजून कुठेतरी वजन आहे," टर्बो पुटपुटला. मग त्याचं आणि माझं एकदमच डिकीकडे लक्ष गेलं. त्याने झाकण उघडलं.

"हे काय आहे?" बाबांनी बसल्या जागेवरून विचारलं.

आता काय सांगणार! "बाबा, ते... ते तुम्ही आहात."

"मी?"

"तुमच्या वजनाची वाळू. गाडीत तुम्हाला धक्के बसतील का, ते बघायला."

बाबांनी पोत्याकडे नीट बघून घेतलं.

"मग याला विचारलंस का," ते म्हणाले, "उठता येतं का म्हणून?"

मी उगाच पोत्याचं तोंड आवळायला लागलो.

"अरे, बसायला मला कुठे काय होतं? तुझ्या गाडीतही नव्हतं होत. उठता येत नाही, उठता! तो तुमचा नवा सोफा. बसलं की माणूस तळाला जातो. सूनबाई धावत येते, हात देते. तिच्यासमोर कसं रे... आणि आता गाडीही तसलीच आणलीस!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणून तुम्ही जेवायला सगळ्यांच्या शेवटी यायचात? 'तुम्ही व्हा पुढे' म्हणत? मला वाटायचं, बाबांना पेपर संपवायचा असतो."

पेपर! रविवारी सगळे ताटावर बसल्यावर, बैठकीत कुणी बघत नसताना, बाबा सोफ्याशी झटत असायचे आणि आम्ही आतून 'बाबा, गार होतंय!' म्हणून हाका मारायचो. मी दिवसभर परक्या माणसांना 'ही बरी की ती बरी?' विचारतो. उत्तर येईपर्यंत थांबतो, पुन्हा काच बदलतो, पुन्हा विचारतो. बाबांना मी विचारलंही होतं, पण उत्तर आधीच ठरवून. फाटकात उभं राहून मला इतकी लाज वाटली की त्या गतिरोधकाखाली जागा असती तर मी तिथे शिरलो असतो. पण तिथे गाडी होती.

पोतं काढल्यावर, सगळ्यांनी मिळून ढकलल्यावर गाडी निघाली. बाबांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकले आणि एका दमात, कुणाकडेही न बघता, उठून उभे राहिले. सूनबाईने गाडीतून काढून दिलेली टोपी घातली.

"ही अशी एक खुर्ची ठेवणार असशील," ते मला म्हणाले, "तर तुझी ती खोली बघतो."

बाबा राहायला आले ते बसने. दांड्याला धरून चढले, दांड्याला धरून उतरले, फाटकापासून चालत आले. उस्तादांनी साध्या स्प्रिंगा घालून गाडी होती तेवढी उंच करून दिली आणि टर्बोला गॅरेजच्या दाराबाहेर उभं केलं. घरात आता उंच, हातांची खुर्ची आहे, आणि बाबा तिच्यावर बसून आमच्यावर लक्ष ठेवतात.

परवा मी दुकानातून येऊन सोफ्यात पसरलो होतो. बाबा पेपर खाली करून म्हणाले, "आता हात न टेकवता ऊठ बघू."

"त्यात काय!" मी म्हणालो आणि जोर केला. अर्धा उठलो, परत खाली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पुन्हा जोर केला, पुन्हा खाली! तिसऱ्यांदा तर नुसताच हुंकार निघाला, मी होतो तिथेच राहिलो.

बाबा खुर्चीतून उठले, माझ्यासमोर आले आणि हात पुढे केला. मी इकडेतिकडे बघितलं आणि तो धरला. वर ओढता ओढता ते कानाशी पुटपुटले, "लाजू नकोस रे, कुणी बघत नाहीये." आणि मग, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, "पोट आत!"